लक्ष लागत नाही म्हणून शाळा सुटू नये
एडीएचडी असलेल्या किशोरवयीन मुलामुलींसाठी पालक, शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी काय करावे

बहुतेक वस्तीत असा एखादा मुलगा असतो. जयंतीच्या तयारीत पताका बांधायला तो सगळ्यांच्या पुढे, कुणाचे काही अडले तर धावत जाणारा, बोलण्यात चटपटीत. शाळेत मात्र त्याची वही अपुरी, कंपासपेटी हरवलेली, तासाला तीन वेळा जागेवरून उठलेला. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हा शेरा पहिलीपासून मागे लागलेला असतो. आठवी-नववीत विषय वाढतात, गृहपाठ वाढतो, शिक्षकांचा धीर सुटतो आणि घरच्यांचाही. मग एक दिवस तो सुरतेला किंवा आणखी कुठे कामाला जातो आणि सगळे म्हणतात, "त्याला शिक्षणाची गोडीच नव्हती."

काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. पण अशा काही मुलांच्या अडचणीमागे एडीएचडी असते आणि ती कधीच तपासली गेलेली नसते. बाबासाहेबांनी "शिका" हा शब्द सर्वांत आधी ठेवला. म्हणून कोणते मूल का शिकू शकत नाही, हे शोधणे चळवळीचे काम आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे काम कसे करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

एडीएचडी म्हणजे काय?

अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर हे त्याचे पूर्ण नाव. मराठीत आपण अवधानाचा अभाव व अतिचंचलता असे म्हणू शकतो. ही मेंदूच्या वाढीशी संबंधित स्थिती आहे. जगभरातल्या अभ्यासांनुसार शाळकरी मुलांत तिचे प्रमाण साधारण ५ टक्के धरले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले.

ती तीन रूपांत दिसते. पहिल्या रूपात लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, सांगितलेले विसरते, काम सुरू होते पण संपत नाही. दुसऱ्या रूपात सतत हालचाल, प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर, रांगेत थांबवत नाही, विचार करण्याआधी कृती. तिसऱ्या रूपात हे दोन्ही असते. किशोरवयात बाहेरची धावपळ कमी होते, पण आतली अस्वस्थता आणि विसराळूपणा राहतो. त्यामुळे "आता सुधारला" असे वाटते आणि नेमके त्याच वेळी गुण घसरू लागतात.

मुलींकडे विशेष लक्ष द्यायला हवे. त्यांच्यात बहुधा पहिले रूप दिसते. त्या वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना "वेंधळी" म्हणून सोडून दिले जाते आणि घरकामात गुंतवले जाते. म्हणून मुलींचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही.

एडीएचडी लाडामुळे होत नाही, आईच्या चुकीने होत नाही आणि मोबाइलमुळेही होत नाही. मोबाइलने त्रास वाढतो एवढेच. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे अनेकदा वडिलांचे किंवा काकांचे लहानपणही असेच गेलेले असते. बुद्धीशी तिचा संबंध नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाह्य थराची वाढ ज्या टप्प्यावर इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमारास पोहोचते, तिथे एडीएचडी असलेल्या मुलांत ती साडेदहाच्या सुमारास पोहोचते, असे त्यांना आढळले. वाढीचा क्रम तोच, पण उशिरा. म्हणून स्वतःला आवरणे, वेळेचा अंदाज घेणे, कामांचा क्रम लावणे या गोष्टी या मुलांना वयाच्या मानाने जड जातात. चौदा वर्षांच्या मुलाला "एवढा घोडा झाला तरी कळत नाही" असे म्हणताना हे लक्षात ठेवले पाहिजे. त्याला कळते, पण कळलेले वेळेवर करणे त्याला जमत नाही.

प्रत्येक चंचल मूल एडीएचडीचे नसते

लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून असणे, किमान सहा महिने टिकणे, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणे आणि त्यामुळे शिक्षण किंवा नात्यांचे खरोखर नुकसान होणे, या सगळ्या गोष्टी डॉक्टर पाहतात. रक्ताच्या तपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून हे निदान होत नाही. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीनेही होत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर दुसरी कारणे आधी तपासायला हवीत. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घरात पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी समजत नसेल, तर तेही वर्गात "लक्ष नसलेले" दिसते. इथे रक्तक्षय आहे, सिकलसेल आहे. ज्याच्या अंगात रक्त नाही ते मूल तासाला पेंगणारच. नजर आणि कान तपासलेले नसतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे वर्षातले काही महिने बुडतात. घरातली दारू आणि मारहाण, अपुरी झोप, नैराश्य यांनीही लक्ष उडते. जातीवरून हिणवले जाणारे मूल वर्गात सतत सावध असते. त्याचे लक्ष फळ्यावर नसून पाठीमागे कोण काय बोलते तिकडे असते.

उलटेही घडते. एखाद्याला खरोखर एडीएचडी असते, पण "यांची पोरं अशीच" या पूर्वग्रहाखाली ती झाकली जाते. म्हणून कार्यकर्त्याने स्वतः निदान करू नये आणि दुसऱ्याच्या शेऱ्यावरही विसंबू नये. त्याचे काम मुलाला तपासणीपर्यंत पोहोचवण्याचे आहे.

धम्म काय सांगतो?

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची गोष्ट आहे. थोरला भाऊ महापंथक याने त्याला संघात आणले. पण चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ होईना. भाऊ कंटाळला आणि त्याने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. जीवकाने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले, तेव्हाही त्याला मोजले नाही. चीवर सोडून घरी निघालेल्या चुल्लपंथकाला बुद्ध दारात भेटले. त्यांनी तीच गाथा पुन्हा पाठ करायला लावली नाही. एक स्वच्छ कापड हातात दिले आणि ते चोळत "रजोहरणं" एवढा एकच शब्द म्हणत राहायला सांगितले. हाताने चोळता चोळता कापड मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यता उमगली. पुढे तो अर्हत झाला.

चुल्लपंथकाला एडीएचडी होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण शिकवण स्पष्ट आहे. भावाने शिष्याला नापास केले, बुद्धांनी शिकवण्याची पद्धत बदलली. काम लहान केले, हाताला हालचाल दिली, एका वेळी एकच गोष्ट सांगितली. आज बालमानसशास्त्रज्ञ एडीएचडीच्या मुलांसाठी याहून फार वेगळे सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट कर्माची. "मागच्या जन्मीचे भोग आहेत" असे आपल्याही घरांत अजून ऐकू येते. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. त्यामुळे भगताकडे नेणे, अंगारा-दोरा करणे याला आपल्याकडे जागा नाही.

तिसरी गोष्ट ध्यानाची. महाराष्ट्रातील शाळांत मित्रा उपक्रमातून आनापान शिकवले गेले आहे आणि अनेक विहारांत बालवर्ग चालतात. काही मुलांना त्याने शांतता मिळते. पण ध्यान हा उपचाराला पर्याय नाही. या मुलांना तासभर मांडी घालून बसवणे ही शिक्षाच ठरते. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, चालत करायचे ध्यान द्या आणि जमले नाही तर रागावू नका.

तपासणी आणि उपचार कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती पथके शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता यांचीही नावे आहेत. पथक शाळेत आले की बहुतेकदा वजन, दात, डोळे पाहून पुढे जाते. त्या दिवशी पालकाने किंवा वर्गशिक्षकाने "या मुलाचे लक्ष आणि वाचन तपासा" असे मुद्दाम सांगावे आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. ही चिठ्ठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रासाठी, म्हणजे डीईआयसीसाठी असते.

नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढच्या तपासणीसाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मानसोपचार आणि बालरोग या दोन्ही विभागांत विचारणा करावी. अनेक कुटुंबे उपचारासाठी सुरतेला जातात. उपचाराला हरकत नाही, पण परीक्षेच्या सवलतीसाठी कोणत्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र चालते, हे शाळेकडून आधी लेखी विचारून घ्यावे. सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन विनामूल्य लागतो आणि मराठीत बोलता येते.

जाताना शाळेची प्रगतिपुस्तके, दोन-तीन वह्या, वर्गशिक्षकाचे चार ओळींचे पत्र आणि लहानपणापासूनच्या अडचणींची यादी सोबत न्यावी. डॉक्टरांचा वेळ थोडा असतो. कागद असले की काम लवकर होते.

औषध प्रत्येकाला लागत नाही. लागले तर मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन ही त्यातली मुख्य औषधे आहेत. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, दुसऱ्याला काही आठवडे लागतात. भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे हे त्रास होऊ शकतात. आधीच वजन कमी असलेल्या मुलाचे वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी पाहिलाच पाहिजे. हृदयविकार किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. गोळी मनाने बंद करू नये, मित्राला देऊ नये आणि चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

घरी काय करावे?

एका वेळी एकच सूचना द्या. "हातपाय धू, दूध आण, मग अभ्यासाला बस" यातले त्याला पहिलेच लक्षात राहील. जवळ जाऊन, नाव घेऊन, एक वाक्य सांगा.

डोक्यात ठेवायच्या गोष्टी भिंतीवर आणा. उद्याचे तास, दप्तरात काय हवे, सायकलची चावी कुठे हे मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावा. प्रत्येक वस्तूला एकच जागा ठरवा. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवायचे.

अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत करू द्या. मध्ये पाच मिनिटे उठून पाणी भरणे, अंगणात फेरी. उभे राहून पाठ करायचे असेल तर करू द्या. मोबाइलचा गजर वेळेसाठी वापरा, बाकी वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा आईकडे.

कौतुक लगेच करा आणि नेमके करा. "आज न सांगता वही काढलीस" हे "शहाणा हो" यापेक्षा उपयोगी पडते. शिक्षा द्यायचीच तर लहान आणि त्याच दिवशीची. महिनाभर खेळ बंद ठेवल्याने तो काही शिकत नाही, फक्त रागावतो. झोपेची आणि उठण्याची वेळ सुट्टीतही तीच ठेवा.

एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असताना अभ्यास कसा करायचा, हा खरा प्रश्न आहे. मिरचीच्या हंगामात आईवडील दोघेही दिवसभर पथारीवर असतील, तर पाहणारेही कुणी नसते. इथे विहाराने पुढे यायला हवे. त्याविषयी पुढे येईलच.

आणि त्याच्याशी बोला. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या मेंदूविषयी समजावून सांगता येते. कोणती युक्ती चालते, कोणती नाही हे त्यालाच विचारा. वर्षानुवर्षे "आळशी" ऐकलेल्या मुलाला आपण बिघडलेलो नाही हे कळणे, हीच अर्धी मदत आहे.

शाळेत काय मागावे?

पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर जागा. गृहपाठ वहीत उतरवला का याची रोज खात्री. मोठ्या कामाचे दोन-तीन भाग. लेखी जमत नसेल तर तोंडी उत्तराची संधी. फळा पुसणे, वह्या गोळा करणे अशी हालचालीची कामे. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

रोजचे कार्ड हा चांगला अनुभव असलेला उपाय आहे. त्यावर तीनच गोष्टी लिहा, उदाहरणार्थ वेळेवर वर्गात, वही पूर्ण, हात वर करून बोलणे. शिक्षकाने रोज खूण करायची आणि घरी त्यावर लहानसे बक्षीस.

अनेक मुलांत एडीएचडीबरोबर वाचन-लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते. 'तारे जमीन पर' चित्रपटामुळे ती लोकांना माहीत झाली. ती वेगळी तपासावी लागते आणि सवलतींच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे.

कायदा काय देतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. "दाखला घेऊन जा" असे तोंडी सांगितले तर लेखी मागा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. एडीएचडीचे नाव त्यात स्वतंत्रपणे नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे आहे. त्याच कायद्याच्या कलम १६ ने ही अक्षमता लवकर ओळखून उपाय करण्याची जबाबदारी मान्यताप्राप्त शाळांवर टाकली आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. लेखनिकाची सोय ४० टक्के दिव्यांगत्वापुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात दिला.

अध्ययन अक्षमतेला परीक्षेत सवलती देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ते १९९६ मध्ये घडले. मुंबईत प्रमाणपत्राची सोय मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत आहे. ज्या घरात माहिती आणि पैसा आहे तिथली मुले तिचा लाभ घेतात. अक्राणी किंवा नवापूरच्या मुलाला तोच हक्क आहे, पण त्याच्यापर्यंत तो शब्दही पोहोचलेला नाही. इथे लढाई नव्या कायद्याची नसून असलेल्या हक्काच्या वाटपाची आहे.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, पोच घ्या. उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. आश्रमशाळा असेल तर नंदुरबार किंवा तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात. हे सगळे नववीतच सुरू करा. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करून हाती काही लागत नाही.

शाळा सुटलीच तर वाट बंद होत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणी पाच वर्षे चालते आणि थोडे थोडे विषय घेऊन परीक्षा देता येते.

या वयातले धोके

विचाराआधी कृती होत असल्याने या मुलांचे अपघात जास्त होतात. परवान्याशिवाय मोटारसायकल देऊ नये, हा नियम इथे दुप्पट लागू आहे. तंबाखू-गुटखा आणि दारूची सवयही यांना लवकर लागू शकते. भांडणात हे पुढे ओढले जातात आणि नाव यांचेच येते. सतत अपमान सोसलेले मूल निराश होते. "जगून काय उपयोग" असे ते बोलले, तर ते नाटक समजू नका. एकटे सोडू नका, १४४१६ किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर लगेच फोन करा.

विहार आणि युवक मंडळ काय करू शकते?

जिल्ह्यात आपला समाज संख्येने थोडा आहे, पण विहार आहे, मंडळ आहे, शिकलेले तरुण आहेत. तेवढ्यावर पुढील कामे होऊ शकतात.

विहारात संध्याकाळी दीड तास अभ्यासिका चालवा. एका कार्यकर्त्याकडे दोन-तीन मुले, त्याहून जास्त नकोत. कार्यकर्त्याने शिकवलेच पाहिजे असे नाही. शेजारी बसून काम सुरू करून देणे आणि संपेपर्यंत थांबणे पुरेसे आहे.

फॉर्म भरण्याची जबाबदारी घ्या. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वसतिगृह, स्वाधार योजना यांच्या तारखा या मुलांकडून हमखास चुकतात. विसरल्यामुळे पूर्ण वर्ष जाते. मंडळाने यादी करून आठवण द्यावी.

तपासणीला सोबत जा. मजुरी बुडवून धुळ्याला दोनदा जाणे आईला शक्य नसते. एसटीचे भाडे आणि सोबत एवढी मदत झाली तरी निदान पूर्ण होते.

कार्यक्रमांत त्यांना नेमकी कामे द्या. ध्वनिक्षेपक, पाणी, स्वयंसेवकाचा बिल्ला. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते, खानदेशातून लोक येतात. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या विषयाचे एक पानी पत्रक ठेवता येईल. आपल्याकडे आदिवासी, मुस्लिम, भटके कोणाचेही मूल आले तरी अभ्यासिकेचे दार तेच असावे.

मुलाचे नाव आणि निदान मात्र गुप्त ठेवा. त्याचा फोटो टाकून "आम्ही मदत केली" असे ग्रुपवर फिरवू नका.

सुरुवात मोठी नको. येत्या रविवारच्या वंदनेनंतर आपल्या वस्तीतील सातवी ते दहावीच्या मुलांची यादी करा. शाळेत जाणे ज्यांचे कमी होत चालले आहे अशांच्या नावांपुढे खूण करा आणि त्या घरी जा. पहिला प्रश्न "अभ्यास का करत नाहीस?" असा नको. "तुला कुठे अडते?" एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

जय भीम. नमो बुद्धाय.